कुणाची वाट पाहायची, आणि किती वेळ

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये चार डिस्क बसवल्या, त्यांचा मिळून रेड-५ पद्धतीचा एक अ‍ॅरे तयार केला आणि यंत्र बंद केले, तर रात्रभर तो अ‍ॅरे कुठे असतो? डिस्कांवर असतात ते फक्त चार तुकडे. प्रत्येक तुकड्यात माहितीचे काही पट्टे, काही पॅरिटी आणि एका ठरलेल्या जागी स्वतःची ओळख सांगणारी छोटीशी नोंद. या चौघांना एकच मोठी डिस्क म्हणून दाखवणारा अ‍ॅरे कर्नलच्या मेमरीत राहतो आणि यंत्र बंद होताच नाहीसा होतो. सकाळी तो पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो, आणि तेही अशा वेळी की जुळवणाऱ्या प्रोग्रॅमची स्वतःची फाइल कदाचित त्याच अ‍ॅरेवर ठेवलेली असते.

या पुस्तिकेचा विषय म्हणजे ही रोजची जुळणी. रेडवर लिहिणारे बहुतेक जण पातळ्यांवर लिहितात: मिरर घ्यावा की पॅरिटी, रेड-६ परवडेल का, रेड-१० किती वेगवान. तो निर्णय यंत्र विकत घेताना एकदा होतो. जुळणी मात्र प्रत्येक बूटला होते, आणि ती फसली की सगळ्या डिस्क धडधाकट असूनही पडद्यावर रूट फाइल सिस्टिम सापडत नसल्याचा संदेश येऊन यंत्र ढिम्म उभे राहते. तेव्हा समोरच्या माणसाला वाटते माहिती गेली. तशी ती सहसा गेलेली नसते. घाबरून केलेल्या पुढच्या चार कमांडांनी जाते.

रेडची कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी बर्कलीहून १९८८ मध्ये मांडली, तेव्हा त्यांचा रोख एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरण्यावर आणि त्यातली एखादी मेली तर काय करायचे यावर होता. डिस्क ओळखायच्या कशा, हा प्रश्न पुढे बरीच वर्षे हार्डवेअर कार्डांनी आपल्या पोटात ठेवला. कार्डाला आपले खण ठाऊक असतात, आपली नोंदपद्धत ठाऊक असते, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला ते तयार डिस्क दाखवते. गैरसोय कळते ती कार्ड मेल्यावर. त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधत फिरावे लागते, कारण डिस्कांवरची नोंद वाचणारे दुसरे कुणी नसते. सॉफ्टवेअर रेडचे आश्वासन नेमके इथे आहे: डिस्क काढा, कुठल्याही लिनक्स यंत्राला जोडा, अ‍ॅरे उभा राहील. हे आश्वासन कितपत पाळले जाते, ते पूर्णपणे जुळणीवर अवलंबून आहे. म्हणून मी या विषयाला दुय्यम मानत नाही.

लिनक्समधल्या 'एमडी' ड्रायव्हरचा मूळ कोड मार्क झिंगिए यांचा. मिगेल दे इकाझा, गादी ऑक्समन आणि इंगो मोल्नार यांनी त्यात मिरर आणि पॅरिटीच्या पद्धती आणल्या, मोल्नार यांनी तो नव्याने लिहिला. अगदी सुरुवातीला कोणत्या डिस्क कोणत्या क्रमाने जोडायच्या ते एका मजकूर फाइलीत लिहिलेले असे, आधी 'एमडीटॅब' आणि नंतर 'रेडटॅब' या नावाच्या. फाइलीत डिस्कांची नावे असत: एसडीए, एसडीबी, एसडीसी. ही नावे डिस्कांची नसतात, कर्नलला त्या ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाची असतात. केबल बदलली, नवे कार्ड घातले, एखादी डिस्क उशिरा फिरू लागली की कालची एसडीबी आज एसडीसी होते. पट्टे पाडलेल्या अ‍ॅरेत दोन डिस्कांची अदलाबदल होऊनही अ‍ॅरे सुरू झाला, तर वाचलेले कितीतरी तुकडे चुकीचे असतात, आणि फाइल सिस्टिम दुरुस्त करायला गेलेला प्रोग्रॅम उरलेसुरलेही बिघडवतो.

यावर उपाय निघाला तो डिस्कलाच बोलते करण्याचा. प्रत्येक घटक डिस्कवर एक सुपरब्लॉक लिहायचा: हा अ‍ॅरे कोणता, त्यात किती घटक, त्यातला मी कितवा, पट्ट्याची रुंदी किती. अ‍ॅरेला १२८ बिटांचा यूयूआयडी मिळाला. डिस्क कुठल्याही खणात घाला, तिचे नाव काहीही पडो, ती आपली जागा सांगते. पार्टिशन टेबलमध्ये 'एफडी' या प्रकाराची खूण केली की कर्नल बूट होतानाच अशी सगळी पार्टिशने गोळा करून, त्यांचे सुपरब्लॉक वाचून, अ‍ॅरे उभे करू लागला. २००१ च्या २.४ कर्नलपासून हे सर्रास झाले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना या स्वयंशोधाची अजून आठवण येते, आणि मला ती समजू शकते: कुठली फाइल नको, कुठला प्रोग्रॅम नको, कर्नल जागा झाला की अ‍ॅरे तयार.

तरीही ती पद्धत टिकण्यासारखी नव्हती. कारणे नीट पाहण्यासारखी आहेत, कारण आजची सगळी गुंतागुंत त्यांतून आली आहे.

पहिले कारण सुपरब्लॉकच्या जागेचे. कर्नलचा स्वयंशोध ०.९० या जुन्या आवृत्तीचाच सुपरब्लॉक ओळखतो, आणि तो राहतो घटकाच्या शेवटाकडे: शेवटापासून किमान ६४ किलोबाइट आणि १२८ पेक्षा कमी अंतरावर, ६४ च्या पटीत येणाऱ्या जागी. आता एक पार्टिशन असे धरा की ते डिस्कच्या शेवटापर्यंत जाते आणि त्याची सुरुवातही ६४ किलोबाइटच्या पटीत आहे. पार्टिशनच्या दृष्टीने हिशेब करा, सुपरब्लॉक एका जागी येतो. अख्ख्या डिस्कच्या दृष्टीने करा, तो त्याच जागी येतो. मग घटक कोणता, पार्टिशन की पूर्ण डिस्क? ०.९० च्या नोंदीत स्वतःचा पत्ता लिहिलेला नसल्याने तिला स्वतःलाही ते सांगता येत नाही. पूर्वी पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायची रीत होती, तेव्हा हे हिशेब आपोआप वेगळे पडत. मोठ्या सेक्टरच्या डिस्क आल्या, पार्टिशने एक मेगाबाइटपासून सुरू होऊ लागली आणि एक झाकलेली अडचण उघडी पडली. एमडीअ‍ॅडम हा प्रोग्रॅम अशा वेळी दोन उपकरणांचे सुपरब्लॉक फारच सारखे दिसतात असा इशारा देऊन थांबतो. डिस्क वाचवण्यासाठी कुणी तिची हुबेहूब प्रत काढली आणि मूळ व प्रत दोन्ही यंत्रात ठेवल्या, तरीही हाच इशारा येतो. तो आला की पुढे रेटू नये, आधी एक डिस्क काढावी.

नंतरच्या १.एक्स आवृत्त्यांनी सुपरब्लॉकमध्ये त्याची जागा आणि माहिती कुठून सुरू होते ते लिहायला सुरुवात केली, आणि संदिग्धता संपली. त्यांचे तीन पोटप्रकार आहेत व फरक फक्त जागेचा आहे: १.० शेवटी, १.१ अगदी सुरुवातीला, १.२ सुरुवातीपासून चार किलोबाइटवर. २०१० पासून एमडीअ‍ॅडम काही न सांगता १.२ लिहितो. तीन प्रकार कशाला, असे विचारणाऱ्याने बूटलोडरवरचे प्रकरण वाचावे. जुन्या ग्रबला अ‍ॅरे कळत नसे. पण मिररच्या घटकावर नोंद शेवटी असेल तर सुरुवातीपासून पाहणाऱ्याला ती साधी फाइल सिस्टिमच दिसते. म्हणून बूट पार्टिशन मिररवर आणि ०.९० किंवा १.० नोंदीने, ही युक्ती रूढ झाली. नव्या ग्रबला अ‍ॅरे वाचता येतात, पण ईएफआय फर्मवेअरला येत नाहीत, त्यामुळे युक्ती अजून जिवंत आहे. तिचा धोकाही जिवंत आहे: फर्मवेअरने मिररच्या एकाच बाजूवर काही लिहिले तर एमडीला त्याचा पत्ता लागत नाही आणि दोन्ही बाजू मुकाट्याने वेगळ्या होतात.

दुसरे कारण परक्या डिस्कांचे. जुन्या नोंदीत अ‍ॅरेला हवा असलेला क्रमांकही असे, एमडी० किंवा एमडी१. दुसऱ्या यंत्रातली जुनी डिस्क माहिती काढण्यासाठी जोडली आणि तिच्यावरही एमडी० ची खूण असली, तर कर्नलच्या लेखी दोन्ही एमडी० सारखेच हक्कदार. जो आधी उभा राहिला त्याला नाव मिळे. रूटच्या जागी परकी फाइल सिस्टिम बसण्याची वाट यातून मोकळी होती. कर्नलला 'आपले' आणि 'परके' कळत नव्हते, आणि कळायला हवे असे म्हणणेही अवघड आहे, कारण तो फरक यंत्राच्या मालकाच्या मनातला आहे.

तिसरे कारण सर्वांत मोठे: वेळ. पण त्याआधी परक्या डिस्कांवर निघालेला उपाय पाहू.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात काम करणाऱ्या नील ब्राउन यांनी २००१ च्या सुमारास एमडीअ‍ॅडम लिहायला घेतला आणि पुढे अनेक वर्षे कर्नलमधला एमडीही सांभाळला. त्यांच्या कामाची दिशा मला अशी दिसते: डिस्कने आपली ओळख सांगावी, कर्नलने सांगितलेला अ‍ॅरे चालवावा, पण कोणता अ‍ॅरे कधी सुरू करायचा हे कर्नलबाहेरच्या, बदलता येण्याजोग्या प्रोग्रॅमने ठरवावे. आपले-परके ओळखण्यासाठी त्यांनी अ‍ॅरेच्या नोंदीत यंत्राचे नाव घातले. नाव जुळले किंवा कॉन्फिगरेशन फाइलीत तो अ‍ॅरे नोंदलेला असला तर तो आपला. नसला तर तोही उभा राहतो, पण एमडी१२७ पासून उलट्या क्रमाने मिळणाऱ्या क्रमांकावर, कुणाची जागा न बळकावता. सकाळी उठून आपला एमडी० एकाएकी एमडी१२७ झालेला पाहून चक्रावलेले लोक पुष्कळ आहेत. त्यात बिघाड नसतो. बूटच्या पहिल्या टप्प्यात वापरल्या जाणाऱ्या इनिटरॅमएफएस या छोट्या फाइल सिस्टिममध्ये कॉन्फिगरेशनची जुनी प्रत राहिलेली असते किंवा यंत्राचे नाव तोवर ठरलेले नसते, आणि एमडीअ‍ॅडम आपल्याच अ‍ॅरेला पाहुणा समजतो. डेबियनवर फाइल बदलल्यावर इनिटरॅमएफएस पुन्हा बांधायला विसरू नये, एवढे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवले तरी या प्रकरणातल्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत असे माझे मत आहे. फाइल सिस्टिम माउंट करताना एमडीच्या क्रमांकावर विसंबू नये, यूयूआयडी द्यावा, हे त्याच्याच खाली.

आता वेळेकडे. जुन्या कर्नलला डिस्क एकामागून एक सापडत आणि सगळ्या सापडून झाल्या असे म्हणता येईल असा एक क्षण असे. आता तसा क्षण नाही. डिस्कांचा शोध समांतर चालतो, मोठी कंट्रोलर कार्डे जागी व्हायला वेळ घेतात, वीजपुरवठ्यावर ताण नको म्हणून डिस्क थांबून थांबून फिरवल्या जातात, यूएसबीवरची डिस्क तर केव्हाही उगवते. कर्नलचा स्वयंशोध अजून शिल्लक आहे आणि सुरू होण्याआधी उपकरणांसाठी थांबतो, शिवाय रेड वापरत नसाल तर मला बंद करा असा संदेशही छापतो. पण इनिटरॅमएफएस असलेल्या यंत्रात ती पायरी गाळलीच जाते, आणि आज जवळपास सगळ्या वितरणांत इनिटरॅमएफएस असते.

कर्नलच्या स्वयंशोधाची जागा घेतली यूडेव्हने. एखादी डिस्क दिसली की यूडेव्ह तिच्यावर रेडची खूण आहे का ते पाहतो आणि असल्यास एमडीअ‍ॅडमला तेवढी एकच डिस्क सुपूर्त करतो. एमडीअ‍ॅडम तिला तिच्या अर्धवट अ‍ॅरेत बसवतो आणि स्वस्थ राहतो. पुढची आली की तिला. अपेक्षित तेवढ्या जमल्या की अ‍ॅरे सुरू. इथवर सगळे सुंदर आहे. वऱ्हाडाची बस सगळे चढल्यावर सोडायची, यात कुणाचा वाद नसतो. प्रश्न न आलेल्या मामांचा असतो.

चारपैकी तीन डिस्क आल्या. चौथी मेली आहे की उशीर झाला आहे? बाहेरून या दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. रेड-५ तिघांवर चालू शकतो, त्यासाठीच तो आहे. पण लगेच सुरू केला आणि चौथी दोन सेकंदांनी आली, तर तोवर झालेल्या लेखनामुळे ती शिळी ठरलेली असते. तिला पुन्हा सामील करून घ्यायला कित्येक तास माहिती नव्याने लिहावी लागू शकते, आणि त्या काळात अ‍ॅरेला एकाही डिस्कच्या मृत्यूची मुभा नसते. उलट चौथीची वाट पाहतच राहिलो, आणि ती खरेच मेली असेल, तर डिस्क मेल्यावरही चालावे म्हणून घेतलेले यंत्र डिस्क मेल्यामुळे सुरू होत नाही.

याचे बिनचूक उत्तर नाही. जे आहे ते दोन भागांत आहे, आणि पहिला भाग मला फार आवडतो. एमडीअ‍ॅडम अपेक्षित घटकांची संख्या अ‍ॅरेच्या मूळ आकारावरून काढत नाही, ताज्या सुपरब्लॉकमधल्या अखेरच्या स्थितीवरून काढतो. चौथी डिस्क काल चालू यंत्रात मेली असेल तर ते उरलेल्या तिघींच्या नोंदीत लिहिलेले असते. आज तिघी आल्या की अ‍ॅरे क्षणाचाही विलंब न लावता सुरू होतो. वाट पाहिली जाते ती फक्त काल हजर असलेल्या आणि आज न दिसणाऱ्या डिस्कची. ज्ञात गैरहजेरी आणि अनपेक्षित गैरहजेरी असा भेद केल्याने प्रश्न पुष्कळ लहान होतो. दुसरा भाग म्हणजे उरलेल्या प्रश्नावर घड्याळ लावणे: सिस्टिमडी असलेल्या यंत्रात अ‍ॅरे चालण्याइतके घटक आले पण सगळे आले नाहीत, की ३० सेकंदांचा टायमर सुरू होतो, आणि तो संपल्यावर अ‍ॅरे आहे त्या घटकांवर उभा केला जातो. ३० हा आकडा कुणी सिद्ध केलेला नाही. तुमचे कार्ड याहून सावकाश जागे होत असेल तर तो वाढवावा. पण आधी आपले कार्ड किती वेळ घेते ते कर्नलच्या संदेशांत पाहावे.

डिस्क शिळी हे कसे कळते? प्रत्येक सुपरब्लॉकमध्ये एक घटना-गणक असतो. अ‍ॅरेची स्थिती बदलली की हजर असलेल्या सर्व डिस्कांवर तो वाढतो. जुळणीच्या वेळी ज्याचा आकडा सर्वांत मोठा तो ताजा, आणि जे फार मागे आहेत त्यांना कर्नल 'नॉन-फ्रेश' म्हणून बाहेर काढतो. साधा, भक्कम उपाय, आणि एका जागी अपुरा. दोन डिस्कांचा मिरर आहे. एका बूटला दुसरीची केबल सैल होती, पहिली एकटी चालली. पुढच्या बूटला पहिली दिसली नाही, दुसरी टायमर संपल्यावर एकटी चालली. तिसऱ्या बूटला दोघी हजर. दोघींचे गणक वाढलेले, दोघींवर खरे काम झालेले. गणक किती घटना घडल्या ते सांगतो, त्या कुठल्या फाट्यावर घडल्या ते सांगत नाही. मोठ्या आकड्याची डिस्क जिंकते आणि हरलेलीवरचे एका दिवसाचे काम मिररमधून नाहीसे होते. असा प्रसंग ओळखता आला तर हरलेली डिस्क लगेच परत जोडू नये. ती वेगळी, फक्त वाचण्यापुरती उघडून हवे ते आधी काढून घ्यावे.

वीज मध्येच जाते तिथे आणखी एक गाठ पडते, आणि महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे काढलेल्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. अ‍ॅरे नीट बंद न होता थांबला तर त्यावर तशी खूण राहते आणि पुढच्या बूटला पॅरिटी पुन्हा जुळवली जाते. पण त्याच वेळी रेड-५ ची एक डिस्कही गैरहजर असेल, तर जुळवायला पुरेशी माहितीच नाही: अर्धवट लिहिलेल्या पट्ट्यातून काढलेली गैरहजर डिस्कवरची माहिती चुकीची निघू शकते. कर्नल असा अ‍ॅरे सुरू करायला साफ नकार देतो. सक्तीने सुरू करण्याचा बूट पर्याय आहे, आणि तो मुद्दाम माणसाच्या हातात ठेवला आहे. काही बिघडले असण्याची शक्यता पत्करून चालायचे, की बॅकअप आणायचा, हे यंत्राने ठरवू नये हा निर्णय मला योग्य वाटतो. हा पर्याय कायमचा चालू करून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही.

इंटेलच्या मदरबोर्डांवर येणाऱ्या बायोस-रेडची नोंदपद्धत वेगळी असते. एमडीअ‍ॅडम ती वाचतो, पण एमडीमॉन नावाचा एक प्रोग्रॅम मागे सतत चालावा लागतो. या पुस्तिकेत तिला दोनच पाने आहेत आणि तेवढी पुरतात. जुन्या डिस्क पुन्हा वापरण्याआधी त्यांच्यावरच्या नोंदी पुसणे मात्र सविस्तर घेतले आहे, कारण डिस्क नव्याने पार्टिशन केल्याने किंवा फॉरमॅट केल्याने सुपरब्लॉक जाईलच असे नाही. शेवटाकडे दडलेली ०.९० ची नोंद वर्षांनंतरही यूडेव्हला सापडते आणि कधी काळी मोडून टाकलेला अ‍ॅरे अर्धवट उभा राहून डिस्क अडवून बसतो. पुसण्याचे काम 'झीरो-सुपरब्लॉक' या पर्यायाने, अ‍ॅरे थांबवून आणि डिस्कचे नाव दोनदा वाचून करावे.

पुस्तिकेतला प्रत्येक प्रयोग खऱ्या डिस्कांशिवाय करता येतो. आभासी यंत्राला शे-दोनशे मेगाबाइटच्या चार डिस्क जोडाव्यात, त्यांच्यावर रेड-५ करावा, मग यंत्र बंद करून एक डिस्क काढावी आणि बूट करताना घड्याळाकडे पाहावे. नंतर हेच यंत्र चालू असताना डिस्क काढून करावे. दोन्ही बूटमधला फरक तीस सेकंदांचा दिसला पाहिजे. नव्या सर्व्हरवर माहिती चढवण्याआधी हाच प्रयोग खऱ्या केबलने, आळीपाळीने प्रत्येक डिस्कवर करून पाहावा, बूट डिस्कसकट. दर वेळी काढलेली डिस्क परत जोडून जुळणी पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मगच पुढच्या डिस्कला हात लावावा.